कांती, कलंक आणि आत्मविश्वास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेत इतिहास यावा, संतवाङ्मय यावे, शेतीचे अर्थकारण यावे. तेथे अंगाच्या कातडीचे काय काम? उटणे, साबण आणि मलम ही न्हाणीघरातली बाब. ती व्यासपीठावर कशाला? परंतु क्षणभर आपल्या भाषेकडेच पाहा. एखाद्याची अब्रू गेली की आपण म्हणतो, त्याचे नाक कापले गेले. अपराध झाला की माणसाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. दुष्कृत्य करणारा घराण्याच्या तोंडाला काळे फासतो, आणि सरळ माणूस नाकासमोर चालतो. मराठी माणसाने आपली सगळी प्रतिष्ठा जणू चेहऱ्यावर आणून ठेवली आहे. त्यामुळे ज्याच्या चेहऱ्याला किंवा कातडीला काही झाले, त्याच्या प्रतिष्ठेचे काय झाले, हा प्रश्न केवळ न्हाणीघरातला राहत नाही. तो समाजाच्या इतिहासाचा होतो.

निरोगी, नितळ त्वचेने माणसाचा आत्मविश्वास वाढतो, हे कोणी नाकारणार नाही. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान केलेला मुलगा कसा उजळ मनाने अंगणात येतो! लग्नघरी वधूवरांना हळद लागते, ती मंगल म्हणून लागते आणि अंग तुकतुकीत व्हावे म्हणूनही. आपल्या आयाबायांनी डाळीचे पीठ, दूध, आंबेहळद आणि शिकेकाई यांची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तीत नुसता नखरा होता असे मानण्याचे कारण नाही. स्वच्छ अंग म्हणजे समाजात वावरण्याचा परवानाच होता. प्रश्न पुढचा आहे. कातडी आपली असली तरी ती आपल्यापेक्षा दुसऱ्यांना अधिक दिसते; आरशावाचून आपला चेहरा आपल्याला दिसत नाही. मग कातडीवर उभा असलेला आत्मविश्वास खरोखर आपला असतो, की पाहणाऱ्याने आपल्याला उसना दिलेला असतो? आणि उसना असेल, तर तो परत घेतला गेल्यावर माणसाने काय करावे? महाराष्ट्राच्या गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची काही उत्तरे सापडतात. त्यांचाच मागोवा आज घ्यावयाचा आहे.

प्रारंभ पुण्यापासून करू. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाशी इंग्रजांचे युद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे त्याला कंपनीचे निवृत्तिवेतन मिळाले, म्हणजे पोटाची सोय झाली. तरीही सुमारे एक वर्ष नाकाविना काढल्यावर तो पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराकडे गेला आणि त्याने नवे नाक बसवून घेतले. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोघा वैद्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. त्यावेळी पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सारी हकीकत छापून आली.

ती रीत ऐकण्याजोगी आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून नव्या नाकाचा आकार घ्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. जुन्या नाकाची कड ताजी करून कपाळाची कातडी खाली वळवून तेथे बसवायची. वर काथ भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनंतर तुपात बुडवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली की नाक स्वतंत्र झाले! गालाची कातडी घेऊन नाक करण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे. कपाळाची ही रीत पुढे कारागिरांच्या परंपरेत रुळली. त्या कारागिराचे नाव मात्र इंग्रजी पत्रात दिलेले नाही. ज्याने दुसऱ्याला तोंड दाखवण्याजोगे केले, त्याचे स्वतःचे तोंड इतिहासाला दिसत नाही.

या प्रकरणात एक गोष्ट ध्यानात घ्या. कावसजीचा हातही गेला होता, आणि बैल हाकणाऱ्याला नाकापेक्षा हाताची गरज अधिक. हात परत मिळणे शक्य नव्हते हे खरे. परंतु नाक नसल्याने त्याचे कोणते काम अडले होते? तरीही भूल देण्याची आजची साधने नसताना त्याने कपाळाची कातडी सोलून घेतली. कापलेले नाक ही नुसती जखम नव्हती, ती शिक्षेची खूण होती. पाहणारा प्रत्येक जण ती खूण वाचत होता. कावसजीला ते वाचन बंद करावयाचे होते.

कावसजीची खूण एका माणसाने दुसऱ्यावर केलेली होती. शस्त्राने झालेली ती शस्त्राने पुसता आली. परंतु महारोगाची, म्हणजेच रक्तपितीची खूण अशी नव्हती. ती देवाने केली असे लोक मानीत. पूर्वजन्मीचे पाप, कुळाचा दोष, देवतेचा कोप अशी तिची कारणे सांगितली जात. अंगावर एक फिकट चट्टा उठला, त्यावरची जाणीव गेली, भुवया झडल्या, की गावाने त्या माणसाचे पान मांडणे बंद केले. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधून काढला. ज्याला लोक पाप म्हणत होते तो जंतू निघाला. परंतु पापाची कल्पना जंतूच्या शोधाने मरत नाही. उलट, पापाच्या भीतीला आता संसर्गाच्या भीतीची जोड मिळाली.

मुंबईत १८९० साली माटुंग्याला बेवारस महारोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. त्यामागे महापालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ होते, आणि पुढे त्या रुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. हेच ॲकवर्थसाहेब आपल्याला आणखी एका कारणाने परिचित आहेत: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. अफझलखानाचा आणि सिंहगडाचा पोवाडा जतन करणाऱ्या हातांनी महारोग्यांना छप्पर दिले, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने आठवावी. परंतु छप्पर आणि कुंपण यांतले अंतर थोडे असते. १८९८ च्या कायद्याने निराधार महारोग्याला पकडून अशा ठिकाणी ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. रस्त्यावर भीक मागणारा सुटला, पण सोबत त्याची वाटही संपली.

आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात निजामाबादजवळ डिचपल्ली येथे १९१५ पासून डॉ. इझाबेल केर यांचे महारोग रुग्णालय सुरू झाले. कडू कवठाच्या जातीच्या झाडांच्या बियांचे तेल टोचणे हाच त्या काळचा मुख्य उपचार. तो त्रासदायक होता आणि गुण अनिश्चित होता. तरी कोणी तरी आपल्या अंगाला हात लावतो, सुई टोचण्यापुरता का होईना पण लावतो, हीच त्या रुग्णांना मोठी गोष्ट वाटली असेल तर आश्चर्य नाही.

महाराष्ट्रात हा हात औषधाच्या पलीकडे नेण्याचे काम वर्ध्याच्या परिसरात झाले. मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली दत्तपूरला कुष्ठसेवेचे केंद्र उभे केले. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री या रोगाने ग्रासून सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला तेल चोळले. आपल्याकडे अभ्यंग हा सणाचा आणि मानाचा विधी. आई मुलाला तेल लावते, बहीण भावाला लावते. गांधीजींनी औषधशास्त्रात काही भर घातली नाही. पण आप्तपणाचा जो विधी त्या कातडीला नाकारला गेला होता, तो त्यांनी तिला परत दिला. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले तेही याच भावनेने.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. वरोड्याच्या रस्त्यावर पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून निर्भय म्हणून ख्याती असलेले बाबा भ्याले, आणि त्या भीतीनेच त्यांना या कामाकडे वळवले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. विहीर खणली, भाजी पिकली. भाजी ताजी होती, पण वरोड्याच्या बाजारात ती घ्यायला कोणी तयार होईना. ती महारोग्यांच्या हातची होती ना! पुढे १९५४ साली परदेशांतून आलेले श्रमदानी तरुण आनंदवनात राहिले, रुग्णांबरोबर बांधकाम करू लागले, त्यांच्यासह जेवू लागले. ते पाहून गावाची भीती हळूहळू निवळली आणि भाजी खपू लागली.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. भाजी पिकवणाऱ्यांची बोटे बाजाराच्या नकाराच्या दिवशी जशी होती तशीच ती खपू लागल्याच्या दिवशीही होती. कातडीत फरक पडला नव्हता. फरक पडला तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यात. आणि ज्या दिवशी आपल्या श्रमाचा पैसा हातावर पडला, त्या दिवसापासून त्या माणसांची मान वर झाली. १९६४ साली आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय काढले, तेव्हा तर चक्र पूर्ण फिरले. ज्यांना गावाने बाहेर घातले होते, त्यांच्या दारी गावाची मुले शिकायला येऊ लागली.

परंतु हे ऐकून ‘मग औषधाची आणि चेहऱ्याची गरज काय?’ असे कोणी म्हणेल तर तेही चूक होईल. १९४६ च्या सुमारास मद्रासजवळ चिंगलपेटला डॉ. कॉक्रेन यांनी सल्फोन औषधांचे प्रयोग केले आणि मग डॅप्सोनची स्वस्त गोळी देशभर गेली. १९८० नंतर अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला. तो प्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. आज सहा महिने ते एक वर्ष औषध घेतले की रोगी बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याच्यापासून संसर्गाचे भय उरत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाच्या पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. रोग संपलेला नाही. नवे रुग्ण आजही सापडतात. पण तो असाध्य उरलेला नाही.

तरी बरा झालेला माणूस घरी गेला की गाव काय पाहत असे? जंतू गेलेले गावाला दिसत नाहीत. बसलेले नाक आणि झडलेल्या भुवया दिसतात. ही अडचण ओळखली डॉ. नोशीर अंटिया यांनी. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते प्लॅस्टिक सर्जरी शिकले आणि परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे काम विस्तारले. महारोगात नाक बसते ते बाहेरची कातडी गेल्यामुळे नव्हे, तर आतले अस्तर आक्रसल्यामुळे. म्हणून आत नव्या कातडीचे अस्तर लावून नाक पुन्हा उभे करावयाचे, ही गिलीज यांची युक्ती येथे उपयोगी पडली. भुवयांसाठी डोक्यावरच्या केसाळ कातडीचा पट्टा वापरीत. भुवईने कोणाचे पोट भरत नाही; परंतु भुवई असलेला माणूस एस.टी.च्या गाडीत दुसऱ्याच्या शेजारी बसू शकत होता.

येथे इतिहासाची एक गंमत आहे. पुण्याच्या त्या अनामिक कारागिराची कृती लंडनच्या मासिकात वाचूनच जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात नाक घडवण्याची आधुनिक विद्या तेथून वाढली. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी गिलीज यांनी ती फार पुढे नेली. आणि गिलीज यांचा शिष्य ती घेऊन पुन्हा पुण्याच्याच वेशीवर आला. दीडशेहून अधिक वर्षांनी विद्या माहेरी आली असे म्हणण्यास हरकत नाही.

औषध आले, शस्त्रक्रिया आली, कायद्याचे काय? १९५५ साली सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, आणि त्याच वर्षी झालेल्या हिंदू विवाह कायद्यात उग्र व असाध्य महारोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. एका हाताने गोळी दिली, दुसऱ्या हाताने संसार मोडण्याची मुभा दिली. रोग साध्य झाल्यावरही हे कलम राहिले; ते काढून टाकणारा कायदा झाला २०१९ साली. १८९८ चा कायदा रद्द होण्यासही २०१६ उजाडावे लागले. जंतू मारायला वर्ष पुरते, पण कागदावरचा कलंक पुसायला चौसष्ट वर्षे लागली. मनावरचा पुसायला किती लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आपण म्हणाल, आमच्या घरात महारोग नाही. बरे, कोडाकडे पाहू. पांढरे कोड संसर्गाने पसरत नाही, त्याने प्राणाला धोका नसतो, महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी आपण त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून ठेवले आणि त्या एका शब्दाने कितीतरी मुलींची लग्ने अडवली. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभारून अशा मंडळींना एकत्र आणले, त्यांचे वधूवर मेळावे भरवले. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट आला, तो याच विषयावर. कोडावरचे डाग झाकण्यापेक्षा ते असूनही चारचौघांत उभे राहणे, हाच तेथला उपचार.

आणि ज्यांना कोडही नाही, त्यांच्यासाठी आपण रंगाचा बाजार मांडला. मुंबईच्या ई. एस. पाटणवालांची ‘अफगाण स्नो’ १९१९ पासून घरोघर पोचली.  १९७५ साली गोरेपणाचे वचन देणारे ‘फेअर अँड लव्हली’ निघाले, आणि २०२० मध्ये त्या नावातला गोरेपणा गाळावा लागला. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलापुढे शतकानुशतके डोके ठेवले, तो सून पाहताना मात्र गोरी शोधतो, ही विसंगती आपल्याला टोचत कशी नाही? त्यापायी दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेली स्टेरॉइडची मलमे तोंडाला लावण्याची खोड पसरली आहे. काही दिवस चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस आणि पुरळ उगवतात, आणि मलम सोडले की सारे उफाळून येते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला तर त्याच्यावर रागावू नका.

शेवटी आपल्या अंगणात येऊ. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना, बिंदुसरा धरणाजवळ पाली आहे. तेथे दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याची ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्ही बाधित मुलांचे संगोपन करते. या विषाणूची खूण नेहमी कातडीवर दिसत नाही. परंतु प्रतिकारशक्ती कमी झाली की खरूज, पुरळ, नायटे अंगावर येतात आणि गाव पुन्हा ती जुनीच लिपी वाचू लागते. महारोग्यांच्या बाबतीत आपण जे केले तेच एकविसाव्या शतकात या लेकरांच्या वाट्याला येत राहिले. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत यावरचे औषध मोफत मिळते, आणि २०१७ च्या कायद्याने अशा भेदभावाला मनाई केली आहे. म्हणजे औषध आहे, कायदाही आहे. वरोड्याच्या बाजारात भाजी न घेणाऱ्या गिऱ्हाइकाची जागा आता आपली आहे. ते मूल शेजारच्या बाकावर बसले, पंगतीला आले, तर आपण सरकून बसतो की पान पुढे करतो, एवढेच उरले आहे.

तेव्हा, श्रोतेहो, त्वचेची निगा अवश्य राखा. स्वच्छ पाणी, साधे तेल, उन्हाच्या कामात डोक्यावर सावली, आणि खरजेला लाजून न लपवता घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार करणे, हे खर्चाचे नाही. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तो झाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, औषध फुकट आहे आणि लवकर गेले तर व्यंग येत नाही. कावसजीने नाक मागितले ते योग्यच केले. परंतु प्रत्येकाला कपाळाची कातडी सोलून आपली प्रतिष्ठा विकत घ्यावी लागू नये, ही जबाबदारी पाहणाऱ्यांची आहे. आपल्या कांतीची काळजी प्रत्येकाने आपल्यापुरती घ्यावी. दुसऱ्याच्या आत्मविश्वासाची मात्र आपण सर्वांनी मिळून घ्यावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.